विसराळू भोवताल

मी बी.ए.वाला. पदार्थविज्ञानाशी संबंध मॅट्रिकपर्यंतच, त्यामुळे समीकरणं मला विचारू नका. पण एखादी समजूत कशी रुजते हा इतिहासाचाच विषय आहे.

१९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी एक कोडं घातलं. त्याच वर्षी श्रोडिंगरने त्या प्रकाराला नाव दिलं : एंटँगलमेंट, म्हणजे गुंतलेपण. दोन कण असे गुंततात की दोघांचं मिळूनच वर्णन पुरं होतं, एकेकट्याचं नाही. पुढे १९७० मध्ये झे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की भोवतालाशी संबंध आला की कणांचे हे नाजूक गुण दिसेनासे होतात. झालं, भोवताल वैरी ठरला!

पण हा भोवताल विसराळू आहे, हे सोयीसाठी धरलेलं होतं. त्याचं मूळ रशियाच्या मार्कोव्हकडे जातं. त्याच्या १९०६ च्या साखळीत पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या जागेवरून ठरतं, मागचं सगळं पुसलेलं. (याच गृहस्थाने १९१३ मध्ये पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं स्वर की व्यंजन अशी मोजली होती. माझ्या वर्गाने संप केला असता.) १९७६ मध्ये गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले केरळचे सुदर्शन यांनी, आणि वेगळेपणाने लिंडब्लाड यांनी, अशाच विसराळू भोवतालाचं समीकरण मांडलं. सुटसुटीत असल्याने तेच रूढ झालं. आठवण धरणारं समीकरण नाकाजिमांनी १९५८ मध्येच लिहिलं होतं. पण ते सोडवणं जिकिरीचं.

आठवण म्हणजे काय? समुद्रात खडा टाका, तरंग गेला तो गेला. हौदात टाका, कडेला आपटून परत येतो. कणाने भोवतालाला दिलेलं काही काळाने त्याच्याकडे परत येऊ शकतं. २००७ मध्ये पालेर्मोच्या बेलोमो, लो फ्रँको आणि कोम्पान्यो यांनी गणिताने दाखवलं की अशा भोवतालात संपलेलं गुंतलेपण पुन्हा उगवतं.

मला खरं नवल वाटलं ते २०१२ च्या कामाचं. सुसाना ह्युएल्गा, रिव्हास आणि प्लेनिओ यांनी आपसात जोडलेली एक जोडी घेतली. गोंगाटाचा जोर तोच ठेवला, बदलला तो फक्त भोवतालाच्या आठवणीचा काळ. आठवण शून्य केली तर शेवटी दोघं सुटे. आठवण ठेवली तर कायमचं गुंतलेपण तयार होऊ शकतं. म्हणजे दोष गोंगाटाचा नव्हता, विसरण्याचा होता. अर्थात हे कागदावरचं गणित, आणि आठवण असली की गुंता होतोच असंही नाही.

ह्युएल्गा आणि प्लेनिओ काम करतात ते उल्मला. १८७९ मध्ये आइन्स्टाइन जन्मला तेच गाव!