नकाशावर नकाशा: जी.आय.एस.मधली पहिली माणसे

शिक्षकांच्या शिबिरात बोलायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "जी.आय.एस.मध्ये जायचे तर मुलाने काय घ्यावे, संगणक की भूगोल?" जी.आय.एस. म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. एकाच जमिनीविषयीचे अनेक नकाशे संगणकात एकमेकांवर ठेवायचे आणि त्या सगळ्यांना मिळून प्रश्न विचारायचे, असे तिचे काम थोडक्यात सांगता येईल. आज या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, त्यामुळे उत्तर देणे तसे सोपे आहे. पण मी बहुधा थोडा मागे जातो. हा शब्दच नव्हता, तेव्हा या कामाला कोण लागले?

रॉजर टॉमलिन्सन यांचा जन्म १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. तरुणपणी ते रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते. मग त्यांनी नॉटिंगहॅमला भूगोल आणि कॅनडातील अकेडिया विद्यापीठात भूविज्ञान शिकून घेतले. पुढे मॅकगिल विद्यापीठात हिमनद्यांनी घडवलेल्या भूरूपांचा अभ्यास केला. यात संगणक कुठेच नाही. १९६० साली ते ओटावा येथील स्पार्टन एअर सर्व्हिसेस या हवाई सर्वेक्षण कंपनीत होते आणि कंपनीकडे केनियातील एक काम आले: झाडांच्या लागवडीसाठी योग्य जागा शोधून देणे.

हे काम कसे करत ते पाहा. उताराचा एक नकाशा, मातीचा दुसरा, पावसाचा तिसरा, रस्त्यांचा चौथा. प्रत्येकातला सोयीचा भाग पारदर्शक कागदावर उतरवायचा, कागद एकावर एक ठेवून खालून दिवा लावायचा आणि सगळ्यांना सामाईक असलेला भाग गिरवून त्याचे क्षेत्रफळ काढायचे. एका तालुक्यापुरते हे जमते. मोठ्या प्रदेशासाठी किती माणसे आणि किती पैसे लागतील याचा हिशेब टॉमलिन्सन यांनी केला, तो परवडणारा नव्हता आणि ते काम बारगळले. हेच संगणकाकडून करून घेता येईल का, असे ते संगणक कंपन्यांना विचारत फिरले. बहुतेकांनी रस दाखवला नाही. आय.बी.एम.ने दाखवला.

१९६२ मध्ये एका विमानप्रवासात त्यांच्या शेजारच्या आसनावर ली प्रॅट नावाचे गृहस्थ होते. कॅनडा लँड इन्व्हेंटरी, म्हणजे कॅनडाच्या जमिनीची नोंदवही, करण्याचे सरकारी काम प्रॅट यांच्याकडे होते. निकृष्ट जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्यांचे काय करायचे, कोणती जमीन शेतीला ठेवायची, कोणती जंगलाला द्यायची, हे ठरवण्यासाठी ती हवी होती. शेतीच्या दृष्टीने जमिनीचे सात वर्ग पाडले होते, पहिला उत्तम, सातवा शेतीला निरुपयोगी. जंगल, वन्यजीव, करमणूक यांचे नकाशे निराळे. प्रदेश सुमारे २६ लाख चौरस किलोमीटर. हाताने केले तर ५५६ तंत्रज्ञांना तीन वर्षे लागतील, असा टॉमलिन्सन यांचा अंदाज होता, आणि इतके प्रशिक्षित लोक कॅनडात नव्हतेच. योगायोगाचे कौतुक लोक फार करतात. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की शेजारी कोणीही बसले असते तरी या माणसाजवळ केनियाचा फसलेला हिशेब तयार होता.

१९६३ पासून काम सुरू झाले. पहिली अडचण म्हणजे नकाशा यंत्रात घालायचा कसा? त्यासाठी ४८ इंच बाय ४८ इंचांचा नकाशा पिंपावर गुंडाळून वाचणारा स्कॅनर खास बनवून घेतला. दुसरी अडचण साठवणुकीची. माहिती चुंबकीय टेपवर राहणार आणि टेप पुढे-मागे फिरवण्यात वेळ जातो. नकाशाचे चौकोनी तुकडे करून ओळीने क्रमांक दिले, तर शेजारचा तुकडा जवळ सापडतो, पण लगेच खालचा टेपवर फार लांब जातो.

यावर आय.बी.एम.च्या गाय मॉर्टन यांनी १९६६ मध्ये काढलेली युक्ती वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखी आहे. चार बाय चारची चौकट आखा. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजा. समजा ओळ ३ आणि स्तंभ २. द्विमान पद्धतीत ३ म्हणजे ११ आणि २ म्हणजे १०. आता एक अंक ओळीचा, एक स्तंभाचा, असे आळीपाळीने लिहा: १११०. म्हणजे आपले १४. सगळ्या घरांना असे क्रमांक देऊन क्रमाने जोडले की रेघ झेड अक्षरासारखी वळत जाते आणि बहुतेक शेजारी क्रमांकांतही जवळ राहतात. सगळे नव्हेत, ७ आणि ८ कुठे पडतात ते मुलांनाच शोधू द्या. नकाशाचा हा प्रश्न अखेर अंकगणिताने सोडवला.

इतरत्रही माणसे अशीच आडवाटेने आली. संगणकाच्या छपाईयंत्रावर अक्षरांवर अक्षरे उमटवून छटा आणणारी सायमॅप ही आज्ञावली सुचली हॉवर्ड फिशर या वास्तुशिल्पीला आणि प्रत्यक्ष लिहिली बेटी बेन्सन यांनी. १९६५ मध्ये फिशर यांनी हार्वर्डला प्रयोगशाळा काढली. तिथे शिकलेले जॅक डँजरमंड भूदृश्यरचनेचे विद्यार्थी, घरचा धंदा रोपवाटिकेचा; पत्नी लॉरा यांच्यासह त्यांनी १९६९ मध्ये एस्री ही कंपनी सुरू केली. आपल्याकडे १९६६ मध्ये डेहराडूनला डच सहकार्याने हवाई छायाचित्रे वाचायला शिकवणारी संस्था निघाली. तिथे शिकायला आले ते भूविज्ञान, वने, मृदा अशा खात्यांतले लोक.

माझी स्वतःची सुरुवात फारशी अभिमानास्पद नाही. पहिल्याच कामात जुना स्थलदर्शक नकाशा आणि जी.पी.एस.ने घेतलेल्या विहिरींच्या जागा जुळेनात. प्रत्येक विहीर शंभरेक मीटर सरकलेली. तीन आठवडे मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो. जुना नकाशा एव्हरेस्ट यांनी ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेला होता आणि जी.पी.एस. वेगळा आकार धरते, हे एका निवृत्त सर्वेक्षकाने चहा पिता पिता सांगितले. संगणकाचे माझे शिक्षण तोवर पुरे झाले होते.

कॅनडातले काम ठरल्यापेक्षा बरेच लांबले. १९६९ मध्ये टॉमलिन्सन सरकारी नोकरी सोडून गेले आणि प्रणाली पूर्णपणे चालू झाली ती १९७१ मध्ये. भौगोलिक माहिती प्रणाली या विषयावरची पीएच.डी. त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९७४ मध्ये घेतली. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.