जाम झालेला बोल्ट आणि तपकिरी कागद

जुन्या मोटारगाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींना इंजिनाची फारशी भीती वाटत नाही. ते खाली उतरवता येते, खोलून पुन्हा जोडता येते. धास्ती असते ती गाडीची बॉडी चासीवर धरून ठेवणाऱ्या मोजक्या बोल्टांची. अमेरिकेतील कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी याचे ठळक उदाहरण आहे.

1953 च्या जानेवारीत जनरल मोटर्सने ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली आणि 30 जूनला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू केले. त्या वर्षी जेमतेम 300 गाड्या बनल्या. इतक्या थोड्या गाड्यांसाठी पोलादी पत्र्याचे महागडे साचे बनवणे परवडणारे नव्हते, वेळही नव्हता. म्हणून काचतंतू आणि रेझिन यांची, म्हणजे फायबरग्लासची बॉडी घेतली गेली. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालची चासी पोलादाची होती. 1963 च्या नव्या आवृत्तीत तर फायबरग्लासच्या आत, प्रवाशांच्या भोवती, पिंजऱ्यासारखी पोलादी चौकटही आली. न गंजणाऱ्या अंगरख्याखाली गंजणारी हाडे, असा हा प्रकार!

बॉडी आणि चासी यांच्या मध्ये ठराविक जागी टेकू असतात. टेकूतून लांब बोल्ट वर जातो आणि चौकटीतल्या बंदिस्त खोबणीत अडकवलेल्या नटात फिरतो. कारखान्यात प्रत्येक चासी तंतोतंत सारखी निघत नसे. म्हणून बॉडी सपाट बसावी यासाठी टेकूवर पातळ पोलादी चकत्या, कुठे एक तर कुठे तीन, अशा घातल्या जात.

आता या बोल्टाचे काय होते ते पाहू. चाकांनी उडवलेले पाणी आट्यांमध्ये शिरते आणि सुकायला तिथे वाव नसतो. लोखंड गंजते हे आपण इयत्ता सातवी-आठवीतच शिकवतो, पण गंजाला जागा किती लागते हे बहुधा सांगायचे राहून जाते. 56 ग्रॅम लोखंडाचे आकारमान सुमारे 7 घनसेंटिमीटर असते. त्याच लोखंडाचा नेहमी आढळणारा जलयुक्त गंज बनला, तर तो सुमारे 21 घनसेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी. तिथे तिप्पट फुगणारा पदार्थ तयार झाला की पाचर ठोकल्यासारखी अवस्था होते. पाना लावून जोर केला तर आटे सुटत नाहीत, बोल्टच पिळवटून तुटतो. किंवा, त्याहून वाईट, वरचा नट आपल्या खोबणीतून सुटून बोल्टाबरोबर गरगर फिरू लागतो.

यात आणखी एका धातूची भर पडते. 1973 पूर्वीच्या काही वर्षांच्या गाड्यांत हे टेकू ॲल्युमिनियमचे होते. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचा टेकू आणि त्यांच्या मध्ये खारट पाणी, हा घटच झाला की! अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची मोठी खाण आहे, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो.

अशा घटाने होणारे नुकसान माणसाला ठाऊक झाले ते मोटारीच्या शोधाच्या सव्वाशे वर्षे आधी, आणि तेही समुद्रावर. लाकूड पोखरणाऱ्या जलकृमींपासून जहाज वाचवण्यासाठी ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या 32 तोफांच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. नौका वेस्ट इंडीजला गेली. 1763 मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा तांब्याखालचे लाकूड उत्तम होते, पण पत्रे मात्र जागोजागी गळून पडले होते. त्यांना धरणारे लोखंडी खिळेच खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. बारकाईने पाहता असे दिसले की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो काही ठिकाणी काढलाच गेला नव्हता. जिथे खिळा आणि तांबे यांच्या मध्ये कागद राहिला, तिथे खिळा वाचला. समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे यांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, असा सरळ निष्कर्ष तपासणाऱ्यांनी काढला.

गॅल्व्हानीचा बेडकांवरील निबंध 1791 चा, व्होल्टाचा विद्युतघट 1800 चा. म्हणजे कारण कळण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी शाबूत खिळे नीट पाहिले होते. आमच्या मते ‘अलार्म’ची ही तपासणी वर्गात व्होल्टाच्या आधी सांगायला हवी. कागद तर पाण्यात भिजणारच, मग त्याने कसे वाचवले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. भिजलेल्या कागदातून आयन जातात, पण इलेक्ट्रॉनांना एका धातूतून दुसऱ्यात जायला धातूचाच स्पर्श लागतो. तो तुटला की मंडल तुटले. शिवाय तिथे तांब्याचा पृष्ठभाग अवाढव्य आणि खिळे इवलेसे होते, त्यामुळे सारा मारा त्या थोड्याशा लोखंडावर झाला. मिठाच्या पाण्याच्या दोन बरण्यांत एक खिळा तांब्याची तार गुंडाळून आणि दुसरा कागदावरून तार गुंडाळून ठेवला, तर दोन-तीन दिवसांत फरक दिसू लागतो. तारेची टोके मात्र खिळ्याला लागू देऊ नयेत.

हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये हीच गोष्ट उलटी वापरली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले, की ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते. तांबे वाचले खरे, पण विरघळणारे तांबेच शिंपल्यांना दूर ठेवत होते! संरक्षित तळावर समुद्री जीवांची दाटी झाली आणि आरमाराने ही युक्ती सोडून दिली. कल्पना मात्र टिकली. 1837 मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले.

कॉर्व्हेटमध्ये झिजणारा धातू ॲल्युमिनियम आहे, त्यामुळे पोलादी बोल्टाला उलट थोडे संरक्षणच मिळते. पण ॲल्युमिनियमचा पांढरा जलयुक्त ऑक्साइडही मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा घेतो आणि बोल्टाला चहूबाजूंनी आवळतो. बोल्ट शाबूत, पण हलत नाही! 1973 पासून कंपनीने रबरी टेकू वापरले. हेतू गाडीतला आवाज आणि थरथर कमी करण्याचा होता. त्यामुळे ॲल्युमिनियम मधून गेले, पोलादाचा गंज मात्र राहिला.

असा बोल्ट काढायचा कसा? आपल्याकडचे मिस्त्री रॉकेल सोडून रात्रभर ठेवतात. तिकडे पातळ तेले वापरतात, तत्त्व तेच: बारीक फटीत केशाकर्षणाने द्रव शिरतो. तरी हलला नाही तर नट तापवणे हा जुना उपाय. 12 मिलिमीटरचे पोलादी छिद्र 200 अंशांनी तापवले तर सुमारे 0.03 मिलिमीटरने मोठे होते आणि एवढ्यानेही गंजाचा थर तडकतो. पण इथे ज्योत लावणे धोक्याचे. पॉलिएस्टर रेझिन 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते आणि पुढे जळते. एक बोल्ट अडकलेला असताना बॉडी उचलली तर फायबरग्लासला चीर जाते. म्हणून जाणकार जोर करीत नाहीत. टेकूच्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून बोल्ट कापतात, वर छोटी खिडकी पाडून जुना नट काढतात आणि खिडकी पुन्हा फायबरग्लासने बुजवतात.

नवा बोल्ट जस्ताचा थर दिलेला घेतात. गंजायचा नाही म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घ्यायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमच्या टेकूत तो साध्या पोलादाइतकाच परका असतो. आट्यांना दाट ग्रीस लावतात. आणि जुन्या चकत्या उतरवताना कोणत्या टेकूवर किती होत्या ते लिहून ठेवतात, नाहीतर दारे पुन्हा नीट लागत नाहीत.