‘व्हल्नरेबल’ : एका शब्दाचा प्रवास

लॅटिन भाषेंत ‘वुल्नुस’ म्हणजे जखम. त्यावरूनच इंग्रजींतील ‘व्हल्नरेबल’ हें विशेषण आलें. ज्यास जखम होऊं शकते तो व्हल्नरेबल. हा शब्द मूळचा रणांगणावरचा. १६२३ सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांत मॅकबेथ तो इतरांस लावतो, स्वतःस मात्र अवध्य समजतो. आणि लगेच वैऱ्याच्या तलवारीस बळी पडतो.

पुढें देहाची जखम मनासही लागूं झाली, आणि अखेर हा शब्द पत्त्यांच्या डावांतही शिरला. १९२५ सालीं पनामा कालव्यावाटे जाणाऱ्या ‘फिनलंड’ आगबोटीवर हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनीं ब्रिज खेळाचे नवे नियम बसविले. एक गेम जिंकलेल्या पक्षास पुढें हरल्यास दंड अधिक. अशा पक्षास म्हणावें काय? एका सहप्रवासी तरुणीनें ‘व्हल्नरेबल’ हा शब्द सुचविला व तोच रूढ झाला. आजच्या नियमांप्रमाणें, डबल नसतां, बोललेल्यापेक्षां एक हात कमी पडला तर इतरांचे ५० गुण जातात, व्हल्नरेबल पक्षाचे १००.

मॅकबेथनेंही सिंहासन जिंकलेंच होतें. जिंकल्यानें मनुष्य अभेद्य होत नाहीं. उलट त्याचा घाव अधिक महाग पडतो, हेंच या शब्दाच्या इतिहासाचें सार होय.