साहेब, एकदा बघता का?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीने एका प्रमाणपत्राचा फोटो टाकला. पाच मिनिटांत पंधरा अंगठे, सात फुलांचे गुच्छ आणि थोरल्या काकूंचा 'कसलं आहे गं हे?' असा प्रश्न. भाची एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होण्यासाठी शिकते आहे. म्हणजे जमिनीवर बसून हवामान, मार्ग, इंधन, वजन या सगळ्याचा हिशोब मांडायचा आणि उड्डाणाची योजना तयार करून कॅप्टनच्या हाती द्यायची. हे प्रमाणपत्र मात्र हिशोबाचं नव्हतं. त्याचं नाव 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट'.

रात्री तिचा फोन आला. "मामा, दोन दिवस आम्हाला काय शिकवलं माहितेय? वरिष्ठांना 'तुमचं चुकतंय' हे कसं सांगायचं, ते! याचंसुद्धा सर्टिफिकेट असतं! तुझ्या वेळी होतं का रे हे?"

मी म्हटलं, नव्हतं. आणि विषय बदलला. का बदलला ते शेवटी सांगतो. आधी हे प्रमाणपत्र कुठून आलं त्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती गोष्ट मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही.

विमानाच्या धंद्यात कागदाला फार मान. वैमानिकाचा परवाना, इंजिनियरचा परवाना, डॉक्टरी तपासणीचा दाखला, अमुक जातीचं विमान चालवायची वेगळी नोंद. यातलं एक जरी मुदतीबाहेर गेलं तरी माणूस घरी बसतो. पण सुरुवातीला हे सगळं जवळजवळ हौशी मंडळींचं काम होतं. फ्रान्सच्या एरो क्लबने १९०९ मध्ये परवाने द्यायला घेतले तेव्हा पहिली काही नावं परीक्षा न घेताच नोंदवली. ज्यांनी आधीच उडून दाखवलं होतं त्यांची परीक्षा कोण घेणार? पहिला क्रमांक इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचा. अमेरिकेत सरकारी परवाने सुरू झाले ते १९२७ साली. तिथे पहिला क्रमांक ऑर्व्हिल राइट यांना देऊ केला होता. त्यांनी नको म्हटलं. आपण आता उडत नाही, आणि पहिले आपणच होतो हे सांगायला कागदाची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. मग तो क्रमांक त्या खात्याचे प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांच्याकडे गेला.

आपल्याकडे १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा परवाना मिळाला, क्रमांक १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनीच कराचीहून टपाल घेऊन छोटंसं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

१९४४ मध्ये शिकागोला देशादेशांचा करार झाला. त्यातून जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तिने १९४८ साली परवान्यांचे सामाईक नियम केले. कराराच्या परिशिष्टांत या नियमांना पहिला क्रमांक आहे. आधी माणूस, मग बाकीचं. मला हे फार आवडतं.

पण या साऱ्या नियमांत एक गोष्ट गृहीत धरली होती. परीक्षा एकट्या माणसाची. त्याचे डोळे कसे आहेत, हात कसा आहे, किती तास उडला, इंजिन बंद पडलं तर काय करेल. कॉकपिटमध्ये तिघं बसलेले असले तर तिघांकडे आपापले परवाने. मग तिघं मिळून एक शहाणा माणूस होतो की नाही, हे कोणी तपासत नव्हतं. तशी तपासणी असते हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या मोठ्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडे जाणारी विमानं शेजारच्या तेनेरिफे बेटावरच्या लॉस रोडिओस या लहानशा विमानतळावर वळवली गेली. त्यात दोन जंबो जेट होती, एक के. एल. एम.चं आणि एक पॅन अ‍ॅमचं. जागा इतकी कमी की धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावरच विमानं उभी. त्यामुळे धावपट्टीवरूनच चालत टोकापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि उडायचं. त्यात डोंगरावरून धुकं उतरलं. टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना एकमेकं दिसेनात.

डच विमानाचे कॅप्टन होते याकोब फेल्डहाउझन फान झांटेन. साधे कॅप्टन नव्हेत. कंपनीत जंबोच्या वैमानिकांना शिकवणाऱ्या विभागाचे प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो. आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला जंबो चालवायची परवानगी साधारण दोन महिन्यांपूर्वी मिळाली होती. त्याची परीक्षा घेणारे कोण? हेच कॅप्टन.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

पुढे काय झालं ते कॉकपिटमधल्या ध्वनिफितीवरून कळलं. धावपट्टीच्या टोकाला वळल्याबरोबर कॅप्टननी इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली. सहवैमानिकाने सांगितलं की थांबा, आपल्याला अजून टॉवरची परवानगी नाही. म्हणजे एकदा तो बोलला, हे लक्षात घ्या. कॅप्टन म्हणाले, माहीत आहे मला, विचार तू. टॉवरने उड्डाणानंतर कसं जायचं तो मार्ग सांगितला, उडायची परवानगी मात्र दिली नव्हती. सहवैमानिक तो मार्ग परत वाचून दाखवत असतानाच विमान धावू लागलं. दुसऱ्यांदा तो काही म्हणाला नाही. उलट टॉवरला घाईघाईने, धड कळणार नाही अशा शब्दांत सांगितलं की आम्ही आता उड्डाणावर आहोत. टॉवरला वाटलं, तयार आहेत. थांबा, असं टॉवरने सांगितलं. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनेही आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं सांगितलं. दोन आवाज एकमेकांवर आदळून रेडिओत नुसती शिट्टी ऐकू आली. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं की ते अमेरिकन विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, झालंय की. काही सेकंदांत टक्कर झाली. डच विमानातले २४८ जण गेले. पॅन अ‍ॅमच्या ३९६ पैकी ६१ वाचले. एकूण मृत्यू ५८३. दोन विमानांच्या टकरीत एवढी माणसं त्याआधीही गेली नव्हती, नंतरही नाहीत.

तुम्ही म्हणाल, धुकं होतं, रेडिओचा घोळ होता, डच वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नियम नुकतेच कडक झाले होते म्हणून घाई होती. सगळं खरं आहे. रेडिओवरची भाषा त्यानंतर सुधारली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा नियम झाला. पण मला राहून राहून त्या दुसऱ्या वेळच्या गप्प बसण्याचं वाटतं. ज्याने दोन महिन्यांपूर्वी तुमची परीक्षा घेऊन तुम्हाला पास केलं, त्याला एका मिनिटात दोनदा कसं टोकायचं?

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं एक डी. सी. ८ विमान इंधन संपून पडलं. चाकं नीट उतरली आहेत की नाहीत या शंकेने कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिले. सहवैमानिक आणि इंजिनियर इंधनाचे आकडे सांगत होते, पण आडून आडून. 'आता उतरलंच पाहिजे' असं ठणकावून कोणी म्हटलं नाही. १८९ पैकी १० जण गेले. तपास मंडळाने १९७९ मध्ये शिफारस केली की कॅप्टनना सर्वांना बरोबर घेऊन कारभार करायचं शिक्षण द्या आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायचं.

त्याच वर्षी नासाने विमान कंपन्यांची एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने पहिला मोठा अभ्यासक्रम सुरू केला. गंमत म्हणजे तो तयार करायला बोलावले रॉबर्ट ब्लेक आणि जेन मूटन यांना, जे कंपन्यांतल्या मॅनेजर मंडळींना शिकवत असत. विमानातला अडाणीपणा घालवायला मॅनेजमेंटचे मास्तर! बऱ्याच जुन्या कॅप्टननी याला नाकं मुरडली. आम्हाला काय गोड बोलायला शिकवता, असा सूर होता.

त्यांचा सूर बदलायला १९ जुलै १९८९ चा दिवस बराच उपयोगी पडला असावा. युनायटेडच्याच एका डी. सी. १० चं शेपटाकडचं इंजिन हवेत फुटलं आणि विमान वळवायच्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा एकदम गेल्या. अशा वेळी काय करायचं याची चेकलिस्टच नव्हती. प्रवाशांत त्याच विमानाचे एक प्रशिक्षक, डेनिस फिच, बसले होते. कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना आत घेतलं, इंजिनांचे लिव्हर त्यांच्या हाती दिले आणि चौघांनी मिळून ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ११२ जण गेले, पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स पुढे अनेक वर्षं सांगत राहिले की हे त्या शिक्षणामुळे झालं, एकट्या कॅप्टनला ते जमलं नसतं. तेनेरिफेला परीक्षा घेणारा माणूस कॉकपिटमध्ये होता, इथेही होता. फरक एवढाच की इथल्या कॅप्टनने विचारलं, आणि दुसऱ्याचं ऐकलं.

आज आपल्याकडेही वैमानिक आणि केबिन क्रू यांना हे शिक्षण ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. म्हणजे प्रश्न मिटला का? २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलासारख्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १६६ पैकी ८ वाचले. चौकशी अहवालात लिहिलं आहे की कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, विमान फार उंचावरून खाली आणलं जात होतं, आणि उतरू नका, परत वर घ्या, असं सहवैमानिकाने तीन वेळा सांगितलं होतं. तीन वेळा! हा गप्प बसला नव्हता. ऐकणारा ऐकत नव्हता. दोघांच्याही परवान्यांची मुदत शाबूत होती.

म्हणून मला वाटतं, भाचीचं ते प्रमाणपत्र इतर कागदांसारखं नाही. बाकीचे कागद सांगतात की तुला येतं. हा कागद फक्त एवढं सांगतो की तुला एकदा शिकवलं होतं. येतं की नाही हे त्या एका मिनिटालाच कळतं, आणि त्या मिनिटाला खोलीत कागद नसतो, साहेब असतो.

आता विषय का बदलला ते.

नोकरीची सुरुवात मी सांताक्रूझला एका विमान कंपनीत लोड शीट करण्यापासून केली. तेव्हा हे काम हाताने चाले. प्रवासी, सामान, माल कुठे किती, त्याची बेरीज आणि विमानाचा तोल दाखवणारी एक रेघ. ही रेघ आखायची मंजुरी मला महिन्याभरापूर्वीच मिळाली होती आणि तिच्यावर सही माझ्या साहेबांची. माणूस फार चांगला. हाताला धरून शिकवलं त्यांनी मला. एका संध्याकाळी ऐन वेळी माल पुढच्या होल्डमधून मागे हलवला गेला आणि साहेबांनी घाईत रेघ उलट्या दिशेने नेली. मला दिसलं. मी म्हटलं, "साहेब, एकदा बघता का?" ते म्हणाले, "झालंय रे, पळ." आणि मी पळालो.

कॅप्टननी सहीपूर्वी त्या रेघेवरून बोट फिरवलं, थांबले, आणि कागद परत दिला. दहा-बारा मिनिटं उशीर झाला. एवढंच. कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल.

साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला दिसलं होतं का रे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नाही साहेब."

ते आता नाहीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे, दिसलं असूनही पळालो हे मला कबूल करायचं नव्हतं.

असो. उद्या भाचीला फोन करून हे सांगणार आहे. पेढे तर ताईने वाटलेच आहेत, मामाकडून हे.