जाळ्याच्या गाठी

सारसोळे म्हटलं की नवी मुंबईकराला खाडीकाठची जेट्टी आठवते. मला मात्र तिथल्या जाळ्यांचा इतिहास खुणावतो.

नायलॉन येण्याआधी कोळ्यांची जाळी सुताची किंवा सणाची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवायची. तेही पुन्हा पुन्हा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आलं आणि ते काम सुटलं. पण फाटलेलं जाळं अजूनही गाठीला गाठ मारून हातानंच सांधावं लागतं.

१९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी गेल्या. मोबदला ठरला तो सातबारा पाहून, पुढे १२.५ टक्के योजनेतले भूखंडही मुख्यतः जमीन गेलेल्यांना. खाडीचा सातबारा मात्र कोळ्याच्या नावावर नसतो, आणि गाठींची नोंद कुठलाच तलाठी ठेवत नाही. ज्याच्याकडे शेत नव्हतं, फक्त जाळं होतं, त्याचं काय गेलं हे कागदावर कसं उमटणार?

आपण तरी वेगळं काय करतो? वाट्यातले मासे मोजतो, जाळं मोजत नाही. मला वाटतं, कोळणीशी घासाघीस करण्याआधी त्या गाठी एकदा आठवाव्यात. भावात त्याही असतात.