जुन्या संगणकाचा आवाज : पंखा, हार्डडिस्क आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद असते ती खरेदीची तारीख, किंमत आणि पुढे निर्लेखनाचा ठराव एवढ्यापुरती. यंत्र प्रत्यक्ष कसे चालत होते हे तीत येत नाही. १९८५ ते २००० या काळातील संगणक आज चालू केला की प्रथम जाणवतो तो त्याचा आवाज : पंख्याची घरघर, हार्डडिस्कची बारीक शीळ आणि मधूनच होणारी खरखर. हा आवाज कमी करणे हे वरकरणी तंत्रज्ञाचे काम वाटते. प्रस्तुत लेखात मात्र ते इतिहासाच्या साधनांच्या जतनाचे काम म्हणून विचारात घेतले आहे. जुना मराठी मजकूर ज्या यंत्रावर तयार झाला ते यंत्र वाचनकक्षात तासन्‌तास चालवायचे, तर ते शांत हवे. आणि शांत करण्याच्या प्रयत्नात त्याचे साधनमूल्य नष्ट होता कामा नये.

आवाजाची पूर्वपीठिका :

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळी स्वतः आवाज करीत नाही, पण ती तापते. तापलेली हवा हलवावी लागते, आणि हलणारी हवा आवाज करते. उष्णता आणि आवाज यांचे हे नाते पुढे ट्रान्झिस्टर व चिप आल्यावर सैल झाले, तुटले मात्र नाही. ॲपल टू (१९७७) हा संगणक पंख्याविना चालला. त्याच कंपनीने १९८० साली ॲपल थ्री पंख्याविनाच बाजारात आणला, तेव्हा अनेक यंत्रे बिघडली. आयबीएमच्या पीसीने (१९८१) वीजपुरवठ्याच्या पेटीतच पंखा बसविला. हीच रचना जगभर अनुकरली गेली आणि भारतात जुळणी झालेल्या संगणकांतही आली.

हार्डडिस्कचा आवाज वेगळ्या जातीचा. आयबीएमच्या १९५६ च्या पहिल्या डिस्क-यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० वेळा फिरत, आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरचिन्हे मावत. १९८० च्या दशकात पीसीबरोबर आलेली सीगेटची एसटी-२२५ ही २० मेगाबाइटची डिस्क मिनिटाला ३६०० म्हणजे सेकंदाला ६० फेरे घेई. तिचा वाचक-दांडा स्टेपर मोटारीने पायरीपायरीने सरके, म्हणून त्या पिढीची खरखर एवढी स्पष्ट ऐकू येते. पुढच्या डिस्कांत दांडा हलविण्याची रीत बदलली, आणि २००१ पासून घरगुती डिस्कांमध्ये द्रव-बेअरिंग रुळू लागल्यावर शीळही मावळत गेली. जाणत्या कानाला आवाजावरून यंत्राचे दशक सांगता येते, ते यामुळे.

मराठवाड्यातील संदर्भ :

१९८४ च्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणक मोठ्या शहरांबाहेर पोहोचू लागले. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि कोरड्या हवेत धूळ असते. संगणक-कक्षाबाहेर चपला काढण्याच्या त्या काळातील शिस्तीची पुढे पुष्कळ चेष्टा झाली. तिच्यामागचे कारण मात्र अगदीच खोटे नव्हते. धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, बेअरिंगमधील वंगण दाट करते, आणि घरघर वाढते.

मराठीच्या दृष्टीने येथे एका सुट्या भागाचा उल्लेख आवश्यक आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) पुढे नेलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने संगणकाच्या आयएसए खाचेत बसे, आणि डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली. इस्कीतील मजकूर आज युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो, हे खरे. परंतु तो लिहिणाऱ्याला पडद्यावर कसा दिसत होता, हे पाहायचे तर आयएसए खाच असलेले यंत्रच लागते. तशी खाच नव्या संगणकांत उरलेली नाही.

आवाज कमी करताना :

प्रथम डिस्कची प्रत. आवाज अचानक बदलणे, विशेषतः नियमित टकटक ऐकू येणे, ही डिस्क निकामी होत असल्याची खूण असते. अशा डिस्कला रबरी आधार देऊन गप्प करणे म्हणजे रुग्णाचे कण्हणे ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेणे. प्रत घेतल्यानंतर आयडीई जोडणी असलेल्या यंत्रात मूळ डिस्कच्या जागी साध्या जोडपट्टीद्वारे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसविता येते, कारण ते कार्ड आयडीईची भाषा जाणते. जुन्या बायॉसची मर्यादा बहुधा ५०४ मेगाबाइटची असते, म्हणून कार्ड लहान घ्यावे. एसटी-२२५ सारख्या डिस्कची जोडणी निराळी असल्याने तेथे वेगळे आयडीई कार्ड लागते. या एका बदलाने शीळ, खरखर आणि डिस्कची उष्णता ही तिन्ही एकदम जातात.

पंख्याचे तसे नाही. १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालविला, तर त्याचा वेग साधारण ५८ टक्क्यांवर येतो आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो. पण हवाही त्याच प्रमाणात कमी होते. थंड हवेच्या देशांत हा उपाय सर्रास होतो. आपल्याकडे चाळीस अंशांच्या खोलीत तो जिस्ट कार्डासकट सर्व भाग तापवील. त्यापेक्षा धूळ काढणे, बेअरिंगला तेलाचा थेंब देणे, आणि तरीही भागले नाही तर त्याच मापाचा, तेवढीच हवा देणारा पण चांगल्या बेअरिंगचा पंखा बसविणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येथे एक इशारा द्यावाच लागतो. हा पंखा वीजपुरवठ्याच्या पेटीत असतो, आणि तिच्यातील संधारकांवर सुमारे ३२५ व्होल्टचा भार यंत्र बंद केल्यावरही काही काळ राहू शकतो. ती पेटी उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाचेच.

बदल किती करावा, याबाबत आपल्या जिल्ह्यातच एक उदाहरण आहे. निजाम संस्थानच्या वतीने १९२० च्या सुमारास अजिंठ्याची चित्रे सुरक्षित करण्यासाठी लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आले. त्यांनी सुटणारे पोपडे पक्के बसविले, ही त्यांची मोठी कामगिरी. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला, आणि तो उतरविण्याचे कष्ट नंतरच्या रसायनज्ञांना घ्यावे लागले. संगणकाच्या पेटीला नवे भोक पाडणे किंवा मूळ पंख्याच्या तारा कापणे हे त्याच जातीचे काम होय. जोडपट्टी काढून घेता येते, पाडलेले भोक बुजत नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा राहून जाते. बदल करण्यापूर्वी मूळ आवाज ध्वनिमुद्रित करावा : यंत्रापासून एक मीटर अंतरावरून, चालू करण्याच्या क्षणापासून डॉसची ओळ दिसेपर्यंत, खोलीचे तापमान व दिनांक नोंदवून. मूळ डिस्क आणि पंखा चिठ्ठी लावून पेटीत ठेवावेत आणि त्यांची नोंद यंत्राच्या नोंदीखालीच करावी. नॅकची भेट जवळ आली की महाविद्यालयातील अडगळीच्या खोल्या प्रथम रिकाम्या होतात, आणि निर्लेखन झालेला संगणक ई-कचरा म्हणून जातो तो त्यातील कार्डासकट. पेटी उघडून आयएसए खाचेत काय बसले आहे हे निर्लेखन समितीने पाहायचे, ते ठरावावर सह्या होण्यापूर्वी.