एक रंग, दोन सूत्रे

१/ ठाण्याच्या कोलशेतमध्ये आज निवासी मनोरे दिसतात. पूर्वी हा पट्टा रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जाई. स्वित्झर्लंडमधील बासेलच्या सँडोझचा कारखाना येथे होता. १९९५ मध्ये सँडोझमधून क्लॅरिअंट वेगळी झाली. सँडोझची सुरुवात १८८६ मध्ये कृत्रिम रंगांपासून झाली. त्याच सुमारास रंगरसायनात एका कोड्यावर वाद सुरू होता.

२/ १८८४ मध्ये जर्मनीत झिंके आणि बिंडेवाल्ड यांनी दोन वाटांनी रंग बनवला. डायझोनियम क्षार व १-नॅफ्थॉल यांतून ॲझो संयुग मिळायला हवे होते. फिनाइलहायड्रॅझीन व नॅफ्थोक्विनोन यांतून हायड्रॅझोन. दोन्ही वेळा हाती आला एकच पदार्थ!

३/ ऑक्सिजनवरचा हायड्रोजन नायट्रोजनवर जातो, दुहेरी बंध जागा बदलतात आणि दोन्ही रूपे समतोलात राहतात. १८८५ मध्ये कॉनराड लार यांनी अशा वर्तनाला ‘टॉटोमेरिझम’ हे नाव दिले.

४/ हे केव्हा घडते? हायड्रॉक्सिल गट ॲझो गटाच्या ऑर्थो किंवा पॅरा स्थानी असेल तेव्हा. मेटा स्थानी बंधांची अशी फेरमांडणी जुळत नाही. झिंके यांच्या रंगात ॲझो रूप पिवळे, तर हायड्रॅझोन रूप तांबूस-नारिंगी. द्रावक बदलला की तोलही बदलतो.

५/ पुढे क्ष-किरणांनी स्फटिक तपासले गेले. २-नॅफ्थॉलपासून बनलेली अनेक ‘ॲझो’ रंगद्रव्ये घनरूपात प्रामुख्याने हायड्रॅझोन निघाली. रंगांच्या व्यापाराने मात्र जुने नाव सोडले नाही. ती आजही ॲझो म्हणूनच विकली जातात.